तीस सेकंद हलू नका

पुण्यात पूर क्युसेकमध्ये मोजतात, हा सरकारी खात्यांचा समज आहे. पुणेकर तो मुठा नदीवरच्या भिडे पुलावर मोजतो. पूल कोरडा असेल तर पाऊस ‘बरा’ आहे. पुलाला पाणी टेकलं तर कोथरूडच्या मेहुण्याला फोन करण्याइतका आहे. आणि पूल बुडाला, तर जेवणं उरकून, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघून येण्याइतका आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून भोंगा फिरतो. लोक गाड्या हलवतात आणि त्याच गाड्यांवर बसून पाणी बघायला परत येतात.

या गर्दीत रात्री नवाच्या पुढे एक वेगळी जमात मिसळते. पाठीवर बॅग, काखेत ट्रायपॉड, खिशात लेन्स पुसायचं फडकं आणि हातात छत्री. ही छत्री स्वतःसाठी नसते. भुरभुर सुरू झाली की ही माणसं ती कॅमेऱ्यावर धरतात आणि स्वतः निवांत भिजतात. आपली सर्दी सुंठेच्या काढ्यावर भागते, कॅमेऱ्याची सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते, हा हिशेब पक्का असतो. बाकीचे लोक पाणी बघायला आलेले असतात. आम्ही पाण्याचं दूध करायला आलेलो असतो.

कृती सोपी आहे. खळाळतं पाणी पांढरं दिसतं ते त्यात मिसळलेल्या हवेमुळे; बुडबुड्यांवर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर थेंबन् थेंब हवेत लटकलेला दिसतो. अर्धा सेकंद उघडं ठेवलं तर प्रत्येक बुडबुडा आपल्या वाटेने एक रेघ ओढून जातो. तीस सेकंद उघडं ठेवलं तर इतक्या रेघा एकमेकींवर चढतात, की रेघ अशी उरतच नाही. उरते ती नुसती साय.

या अर्ध्या सेकंदापासून तीस सेकंदांपर्यंतच्या टापूत आमच्यात दोन तट आहेत. रेघवाल्यांचं म्हणणं असं, की पाणी वाहतंय हे कळलं पाहिजे, नाहीतर नदी आणि धुकं यांत फरक काय? सायवाल्यांच्या मते रेघा दिसल्या म्हणजे फोटोग्राफरचा धीर सुटला. दोघंही एकमेकांच्या फोटोखाली ‘छान’ एवढंच लिहितात आणि पुढे पूर्णविराम देतात. जे म्हणायचं असतं ते त्या पूर्णविरामात असतं.

गंमत अशी, की हे दूध एके काळी फुकट मिळायचं. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्सने अमेरिकेतल्या योसेमिटीचे धबधबे मोठाल्या काचांवर टिपले. काचेवरच्या त्या रसायनाला उजेड पुरेसा चढायलाच बराच वेळ लागे. पाणी आपोआप पुसट यायचं आणि त्याला कुणी कला म्हणत नसे, नाइलाज म्हणत. पुढे शतकाहून जास्त काळ खपून जगभरच्या लोकांनी शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत आणून ठेवलं. मग आम्ही दुकानात गेलो आणि म्हणालो, “पाणी पूर्वीसारखं पुसट येईल असं काही आहे का?” दुकानदाराने एक काळी काच काढून पुढे ठेवली. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर. हजार भाग उजेड पडला तर जेमतेम एक भाग आत सोडणारा. म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या लेन्ससाठी आधी पैसे मोजायचे आणि तोच उजेड बाहेर थोपवणाऱ्या काचेसाठी नंतर. हा व्यवहार मी घरात कुणाला समजावून सांगायला गेलेलो नाही. रात्रीच्या फोटोग्राफीबद्दल लोक काव्यमय बोलतात, पण तिचा पहिला गुण हा, की तिला ही काच लागत नाही.

खानदानी लोक हे काम चांदण्यात करतात. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या साधारण चार लाखांश. दुपारी ज्या फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, त्याच फोटोला तेच आकडे ठेवून चांदण्यात तासाहून जास्त वेळ लागेल. आयएसओ वाढवून आणि अ‍ॅपर्चर उघडून तो अर्ध्या मिनिटावर आणता येतो. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे चंद्र आणि पाणी यांची पत्रिका जुळत नाही. सह्याद्रीतल्या धबधब्यांना जोर असतो तो आषाढ-श्रावणात. तेव्हा पौर्णिमा फक्त पंचांगात उगवते. आकाशात ढग असतात. कोजागरीला चंद्र लख्ख असतो, पण तोवर निम्म्या धबधब्यांच्या जागी कातळावर ओला डाग उरलेला असतो. भंडारदऱ्याच्या रंधा धबधब्याचं तर त्याहून अवघड. त्याचं बरंचसं नशीब वरच्या विल्सन धरणातून पाणी सोडणाऱ्यांच्या हातात. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास काही धरणांच्या सांडव्यांवर तिरंगी झोत सोडतात. तिथे उजेडही असतो आणि पाणीही. फक्त ट्रायपॉडचे तीन पाय टेकवायला जागा नसते. थोडक्यात, गरजू माणूस शेवटी शहरातल्या दिव्यांखाली येतो. म्हणजे झेड ब्रिजवर.

झेड ब्रिजचं कागदोपत्री नाव काकासाहेब गाडगीळ पूल. तो दुचाकींसाठी बांधला. त्यावरून जितक्या दुचाकी जातात, तितक्याच त्यावर थांबतात, आणि थांबलेल्या प्रत्येक दुचाकीवर शक्यतो दोन माणसं असतात. इथून भिडे पूल समोर दिसतो, म्हणजे बुडाला नसेल तर दिसतो. बुडाला असेल तर त्याच्यावरून पाणी जिथे उसळतं तो पांढरा पट्टा दिसतो, आणि आम्हाला हवा असतो तोच. मधूनच मेट्रो जाते. तिच्या खिडक्यांची फोटोत एक सलग सोनेरी रेघ होते. ती रेघ आली की आम्ही खूश, आणि नेमकं शटर बंद झाल्यावर मेट्रो आली की तिचं वेळापत्रक आम्हाला पाठ होतं.

दूध म्हटलं खरं, पण पुरातली मुठा गढूळ. रस्त्यावरच्या दिव्यांत तिचा पहिला फोटो अमृततुल्य येतो. व्हाइट बॅलन्स फिरवत फिरवत त्यातली चहापूड काढावी लागते. आणि ज्या रेशमी पांढऱ्या रेघांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांतल्या काही पाण्याच्या वेगाच्या असतात, तर काही शहरातल्या साबणाच्या. हे फोटोत ओळखू येत नाही. तीस सेकंदांत प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहून जातात, जलपर्णी वाहून जाते, कुणाची तरी चप्पल वाहून जाते. कॅमेऱ्यात कशाचाच पुरावा उरत नाही. नदी सुधारण्याची याहून स्वस्त योजना माझ्या पाहण्यात नाही.

आता पुलावर ट्रायपॉड लावून उभं राहणं म्हणजे काय, ते सांगतो. पुण्यात रस्त्यात खड्डा खणणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, पण कॅमेरा लावणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. बटण बोटाने दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून आम्ही रिमोट वापरतो. मग समोर काहीच घडत नाही. कॅमेरा उभा, माणूस उभा. हे दृश्य पुणेकराच्या डोळ्यांना खुपतं.

“काय चाललंय?” एका काकांनी विचारलं. रेनकोटच्या टोपीखाली मफलर, आणि हातात घडी घातलेली बंद छत्री.

“फोटो काढतोय.”

“निघाला का?”

“नाही अजून. तीस सेकंद लागतात.”

“आमच्या मोबाइलवर लगेच निघतो.”

ते थांबले. अशा वेळी कुणीच जात नाही. तीस सेकंदांनी शटर मिटल्याचा ‘खट्’ आवाज आला.

“आता झाला. दाखवा बघू.”

“नाही, अजून तीस सेकंद. आता कॅमेरा अंधाराचा फोटो काढतोय.”

“अंधाराचा?”

खरं होतं ते. इतका वेळ चालू राहिला की सेन्सर तापतो आणि फोटोत नको तिथे लाल-निळे ठिपके उमटतात. म्हणून कॅमेरा शटर बंद ठेवून तितकाच वेळ आणखी एक फोटो काढतो, त्यात कोणते ठिपके आले ते बघतो आणि पहिल्या फोटोतून वजा करतो. मी हे सगळं सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे शटर बंद करूनच काढायचा असतो ना? मग तो घरी जाऊन काढा की. इथे भिजत कशाला?”

सेन्सरचं तापमान तेच हवं, वगैरे मी बोलत होतो, पण त्यांचा मुद्दा आसपासच्या चारजणांना पटलेला होता. त्यांच्यातल्या एका मुलाला माझी दया आली. “काका, अंधारामुळे नीट येत नाहीये का? थांबा,” म्हणून त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि नदीवर धरला. तो उजेड जेमतेम कठड्यापलीकडे पोचत होता. मुठेला त्याचा उपयोग नव्हता, पण वळताना तो थेट लेन्समध्ये आला. तेवढा एक फोटो पांढराशुभ्र निघाला. सायवाल्यांनासुद्धा जास्त वाटेल इतका.

पाणी बघणाऱ्यांत एक तरी जुने गृहस्थ असतातच. ते म्हणतात, “यात काय पाणी आहे?” आणि मग १२ जुलै १९६१ निघते. पानशेत धरण फुटलं त्या दिवशी ज्यांच्या घरांतून पाणी गेलं, त्यांच्यासमोर आपण काही बोलू नये. पाणी घरात शिरतं तेव्हा ते कुणालाच रेशमी दिसत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांना हे २०२४ च्या जुलैत पुन्हा कळलं. त्या रात्री ट्रायपॉड घरातच ठेवायचा असतो. आमचा धंदा विसर्ग काबूत असतानाचा, पोलिसांनी लावलेल्या बॅरिकेडच्या अलीकडचा.

अशाच एका बऱ्या रात्री पुलावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. भेटणारच, भिडे पूल बुडाल्यावर घरी कोण थांबतं? त्यांनी विचारलं, “तीस सेकंदांत पाणी किती जात असेल हो?” हा प्रश्न मला आजवर कुठल्याही फोटोग्राफरने विचारला नव्हता. समजा विसर्ग दहा हजार क्युसेक आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या थोडं वर. दहा हजारांना सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर. तीस सेकंदांना ८५ लाख लिटरच्या आसपास.

सेक्रेटरी काही काळ ओठ हलवत राहिले. दहा हजार लिटरचा टँकर त्यांचं वजन-माप आहे. मार्च ते जून ते त्याच मापात झोपतात आणि उठतात.

“म्हणजे तुमच्या एका फोटोत साडेआठशे टँकर?”

“हो.”

“आणि असे किती काढता एका रात्रीत?”

त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. आणखी दोन-चार फोटो काढले असते तर सोसायटीचा सगळा उन्हाळा निघाला असता, आणि हा माणूस ते पाणी मेमरी कार्डात भरून घरी नेतोय, अशा नजरेने ते कॅमेऱ्याकडे बघत होते.

पण या छंदाचा खरा शोध पाण्यात नाही, काठावर लागतो. उघड्या शटरसमोरून जो हलतो तो पुसला जातो; जो थांबतो तो उरतो. पॅरिसमध्ये १८३८ साली दागेरने खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. घोडागाड्या, माणसं, सगळी ये-जा पुसून गेली आणि रस्ता ओसाड दिसू लागला. उरला फक्त एक गृहस्थ, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर ठेवून उभा होता. फोटोत आलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. त्याला ते कधी कळलंही नसेल.

पुलावर हा न्याय दर मिनिटाला चालतो. पोरांचं टोळकं कॅमेऱ्यासमोर येतं, हात हलवतं, “काका, आमचा पण!” म्हणून उड्या मारतं. फोटोत त्यांचा मागमूस नसतो. आणि ज्यांनी गाडी मुद्दाम दिव्यापासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात लावलेली असते, चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली असते, आणि जगाने आपल्याला बघू नये एवढीच ज्यांची इच्छा असते, ते दोघं मात्र अर्धा तास जागचे हललेले नसल्यामुळे हेल्मेटच्या पट्ट्यासकट स्वच्छ येतात. प्रसिद्धी हवी असलेले गायब आणि लपलेले जाहीर. अशा वेळी सभ्य माणसाने गुपचूप ट्रायपॉडचं डोकं फिरवावं आणि पुन्हा तीस सेकंद मोजावेत.

अर्धवट थांबणाऱ्यांची गत आणखी वेगळी. एक हवालदार मला “इथे थांबू नका” असं सांगून तिथेच थांबले. पाण्याबरोबर आपलाही एक येऊ दे, म्हणाले. मी विनंती केली, साहेब, तीस सेकंद हलू नका. ते छाती काढून उभे राहिले. पंधराव्या सेकंदाला फोन वाजला आणि ते बोलत बोलत फ्रेमबाहेर गेले. फोटोत ते आहेत, पण त्यांच्या आरपार नदी वाहते आहे. खाकीतून पलीकडचे दिवे दिसतात. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला, मग म्हणाले, “ड्युटीवर होतो ते दिसतंय ना? मग झालं.”

त्यानंतर ताफा आला. पाहणी दौरा. पुढे पांढरे कपडे, मागे पांढरे कपडे, आजूबाजूला मोबाइल उंच धरलेले हात, आणि एका वाहिनीचा झगझगीत दिवा. पुढाऱ्यांनी नदीकडे बोट दाखवलं, अधिकाऱ्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, आणि सगळे पुढच्या पुलाकडे गेले. माझं शटर नेमकं तेव्हा उघडं होतं. मी तो फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. ताफ्याच्या जागी कठड्याच्या उंचीवर एक फिकट पांढरा पट्टा होता, वर मोबाइलच्या पडद्यांच्या चार-पाच निळसर रेघा होत्या, आणि ज्याने बोट दाखवलं त्या हाताचंही काही उरलेलं नव्हतं. पट्ट्याच्या पलीकडे, बॅरिकेडला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीवर एक कामगार बसला होता. त्याच्या गुडघ्यावर दोरखंडाचं वेटोळं, पायात एक गमबूट, दुसरा पाणी निथळायला शेजारी उलटा ठेवलेला. ताफा आला तेव्हा तो उठला नव्हता, गेला तेव्हाही हलला नव्हता. दोराचा पीळ मोजता येईल इतका तो स्पष्ट आला होता. रात्रभर पुलावर खरोखर कोण होतं, याची त्याच्याइतकी स्वच्छ नोंद त्या दौऱ्याच्या कुठल्याही बातमीत सापडली नसती.

एवढं करून कुणी आपल्याला मोठा कलावंत समजेल अशी आशा धरू नये. २०१७ पासून आयफोनमध्ये तीन सेकंदांच्या लाइव्ह फोटोवर एक पर्याय निवडला, की त्याचं लाँग एक्स्पोजर होतं. ट्रायपॉड नाही, छत्री नाही, अंधाराचा फोटो नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने, टॉर्च लावणाऱ्याच्या बहिणीने, तसा एक काढला आणि माझं शटर मिटायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. तिला सतरा अंगठे आले. मोठा करून पाहिला तर कठडे थोडे डळमळलेले होते, पण फोटो मोठा करून आता फक्त आमची जमात बघते.

मी माझा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पहिली प्रतिक्रिया: “एआय आहे का?” दुसरी: “नेटवरून घेतलेला दिसतो.” तिसरी मेसेज काढून टाकल्याची. चौथी एका माहितगाराची: “शटर अर्धा सेकंद ठेवायला हवं होतं.” पुढे पूर्णविराम. सेक्रेटरींनी मात्र कौतुक केलं, आणि नुसतं तोंडी नाही. त्यांनी फोटोची रंगीत प्रिंट काढून जिन्यातल्या फलकावर लावली. खाली ठळक अक्षरांत मजकूर होता: ‘पाणी जपून वापरा. गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी कमी दाबाने येईल.’ वर साडेआठशे टँकर आणि खाली ही सूचना, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आक्षेप आला तो भलताच. दुसऱ्या दिवशी फोटोच्या कोपऱ्यात, निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत कुणीतरी लिहिलेलं होतं:

‘फोटो चांगला आहे, परंतु नदी मुठा वाटत नाही. खात्री करून लावावा. — एक सभासद.’